निरामय आरोग्य विमा: बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी अर्ज, कागदपत्रं आणि दावा

माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. 26 वर्षांचा असताना तो हळूहळू थंडावत गेला. कार्यशाळेत जायला नको म्हणायचा, दुपारी जेवून झोपला की दिवेलागणीपर्यंत उठायचा नाही, आवाज घोगरा झाला, चेहऱ्यावर सूज दिसू लागली. दोन डॉक्टरांना दाखवलं. दोघंही म्हणाले, ‘या मुलांचं असंच असतं, वय वाढतं तसं.’ जवळजवळ दीड वर्षानं तिसऱ्या डॉक्टरांनी थायरॉइडची साधी रक्ततपासणी करायला सांगितली. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली आणि तीन महिन्यांत तो पुन्हा आईच्या आधी उठून दूध आणायला जाऊ लागला.

हे सगळं आधी सांगते, कारण पुढचे सगळे कागद त्यासाठीच काढायचे आहेत. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या 247 व्यक्तींच्या मृत्यूंची सखोल चौकशी झाली, तिचा अहवाल 2013 साली आला. तिथल्या सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत हे पुरुष सरासरी 13 वर्षं आणि स्त्रिया 20 वर्षं आधी गेल्या होत्या. आजार उशिरा ओळखला गेला, तपासण्या पुढं ढकलल्या गेल्या, घरच्यांचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही, अशी कारणं त्यात पुन्हा पुन्हा आली. चांगले उपचार वेळेवर मिळाले असते तर यातले कितीतरी मृत्यू टळले असते. आपलं माणूस ‘पोटात दुखतंय’ असं नेमकं सांगू शकत नाही. ते चिडतं, जेवत नाही किंवा गप्प बसतं. म्हणून ठणठणीत दिसत असतानाच तपासण्या व्हायला हव्यात, आणि त्यासाठी ओपीडीचा खर्च देणारा विमा हवा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ योजना तो देते.

आधी यूडीआयडी कार्ड

निरामयचा अर्ज दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर उभा असतो, म्हणून सुरुवात तिथून. ते प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, यांसाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही किंवा अंगठा एवढं लागतं. अर्जात रुग्णालय निवडायचं असतं. बौद्धिक अक्षमतेसाठी मानसोपचार आणि बुद्धिमापनाची सोय असलेलं जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय निवडा. जवळ आहे म्हणून उपजिल्हा रुग्णालय टाकलं आणि तिथून पुन्हा जिल्ह्याला पाठवलं, असे हेलपाटे मी अनेक घरांचे पाहिले आहेत. जाताना जुने केसपेपर, जन्माच्या वेळचे कागद, शाळेचा अहवाल, फिट्स येत असतील तर त्या औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं बरोबर न्या.

तपासणीत दोन गोष्टी पाहतात. एक बुद्ध्यांक. त्यासाठी आपल्याकडे अजूनही बिने-कामत चाचणी वापरतात. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली होती. दुसरी सामाजिक परिपक्वता, म्हणजे रोजच्या जगण्यातलं स्वावलंबन. ती व्हाइनलँड पट्टीनं मोजतात. तिचं भारतीय रूप नागपूरच्या मालिन यांनी तयार केलं. या दुसऱ्या भागाचे प्रश्न तुम्हाला विचारले जातात, आणि इथं आपलंच चुकतं. ‘आंघोळ करतो का?’ असं विचारलं की आई अभिमानानं ‘हो, सगळं करतो’ म्हणून मोकळी होते. पाणी आपण काढून देतो, साबण आपण लावतो, पाठ आपण चोळतो, हे सांगायचं राहून जातं. लेकराचं कौतुक घरी पुष्कळ करा. तिथं मात्र एकट्यानं, कुणी न सांगता तो काय करतो तेवढंच सांगा. सौम्य अक्षमतेला 50 टक्के, मध्यमला 75, तीव्रला 90 आणि अतितीव्रला 100 टक्के अशी आकारणी होते. बहुतेक सवलतींना लागणारी 40 टक्क्यांची अट त्यामुळे सौम्य गटातही पूर्ण होते. काठावरच्या बुद्ध्यांकाला 25 टक्केच मिळतात.

पाच वर्षांखालच्या बाळाला बौद्धिक अक्षमतेऐवजी ‘विकासातील विलंब’ असं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. पुढं ठरावीक वयांना पुन्हा तपासणी होते आणि 18 नंतर कायमचं प्रमाणपत्र मिळतं.

प्रमाणपत्र हातात पडलं की तिथंच उभं राहून वाचा. ‘बौद्धिक अक्षमता’ ऐवजी ‘मानसिक आजार’ अशी नोंद झालेली दिसली तर लगेच दुरुस्त करून घ्या. कायद्यानं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसिक आजारावर निरामय मिळत नाही.

निरामय कोणाला मिळतं

राष्ट्रीय न्यास कायदा 1999 चा आहे आणि तो चारच दिव्यांगत्वांसाठी आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. डाउन सिंड्रोम असलेल्यांना बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर अर्ज करता येतो. फक्त अध्ययन अक्षमता किंवा फक्त अंधत्व असेल तर ही योजना लागू होत नाही.

वयाची अट नाही. विमा घेण्याआधी कोणतीही वैद्यकीय तपासणी नाही. आधीपासून असलेला आजार म्हणून नकार नाही. खासगी विमा कंपनीच्या दारातून परत आलेल्या आईबापांना या तीन वाक्यांचं मोल वेगळं सांगायला नको. वर्षाला एकूण 1 लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो. त्यात रुग्णालयातला उपचार, शस्त्रक्रिया, ओपीडी, औषधं, चाचण्या, दात, थेरपी, आयुष किंवा होमिओपॅथीसारखे पर्यायी उपचार आणि प्रवास असे वेगवेगळे कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्याची मर्यादा वेगळी आहे. म्हणून ‘एक लाख आहेत ना’ असं समजून सगळे पैसे एकाच थेरपीवर खर्च करू नका. चालू वर्षाचा तक्ता ज्या संस्थेमार्फत अर्ज कराल तिच्याकडून मागून घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

शुल्क अगदी कमी आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला पहिल्या वर्षी 250 रुपये, नूतनीकरणाला 50. बाकीच्यांना पहिल्या वर्षी 500, पुढं 250. आईवडिलांशिवाय दुसरं कुणी कायदेशीर पालक असेल तर शुल्क नाही.

अर्ज कसा करायचा

अर्ज ऑनलाइन भरला जातो, पण तो न्यासाकडे नोंदणी झालेल्या संस्थेमार्फत करायचा. तुमच्या जिल्ह्यातल्या विशेष शाळा, पालक संघटना, कार्यशाळा यांपैकी कुणाची तरी अशी नोंदणी असते. न्यासाच्या संकेतस्थळावर जिल्हावार यादी पाहा. मूल त्या शाळेत शिकत नसलं तरी अर्ज करता येतो. काही ठिकाणी संकोचानं लोक विचारतच नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

सोबत काय न्यायचं: यूडीआयडी कार्ड किंवा दिव्यांगत्व प्रमाणपत्र, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, कमी शुल्क हवं असेल तर दारिद्र्यरेषेचा दाखला, आणि कायदेशीर पालक असतील तर त्या नेमणुकीचा आदेश. नाव सगळीकडे एकसारखं आहे का, हे निघण्याआधी तपासा. आधारवर ‘संतोष’, प्रमाणपत्रावर ‘संतोषकुमार’ आणि पासबुकावर टोपणनाव असं असलं की अर्ज कदाचित निघेलही, पण दाव्याचे पैसे अडकतात.

आता तारखांबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. विम्याचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असं असतं. फेब्रुवारीत नाव नोंदवलं तरी कार्ड 31 मार्चलाच संपतं. म्हणून नवीन नोंदणी शक्यतो एप्रिलच्या आसपास करा. नूतनीकरण मात्र मार्च उजाडायच्या आत करा. संस्थेतल्या ताई दरवर्षी फोन करतील या भरवशावर राहू नका. एका ताईकडे शंभर-दीडशे मुलांचे अर्ज असतात.

कार्ड मिळालं, आता डॉक्टरांकडे

दहा घरांपैकी सात-आठ घरांत हे कार्ड नुसतं फाइलमध्ये पडलेलं मी पाहिलं आहे. ‘तसा काही आजारी नाही तो, म्हणून वापरलं नाही.’ माझी कळकळीची विनंती आहे, वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या महिन्यात म्हणा हवं तर, पूर्ण तपासणी करून घ्या.

डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून न्या. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची तपासणी दरवर्षी. जन्मतः हृदयदोष जवळजवळ निम्म्या मुलांमध्ये असतो, म्हणून लहानपणी इको झाला नसेल तर तो आता तरी करा. कान आणि डोळे तपासा. ऐकू कमी येतं आणि घरचे म्हणतात ‘ऐकतच नाही, हट्टी झालाय’. झोपेत घोरणं आणि मध्येच श्वास थांबल्यासारखं होणं डॉक्टरांना सांगा. चाळिशीनंतर विसरणं वाढलं, ओळखीचा रस्ता चुकू लागला तर ती अल्झायमरची सुरुवात असू शकते. तो या लोकांमध्ये लवकर येतो. पण तसं ठरवण्याआधी थायरॉइड, कान आणि उदासपणा या तिन्ही गोष्टी तपासून घ्यायच्या.

इतरांसाठीही: फिट्स येत असतील तर औषधांचा आढावा, वजन, रक्तदाब, साखर, दात. बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष नको. पोट फुगलंय, खाणं सोडलंय, सारखा पोटावर हात मारतोय, याला ‘वागणुकीची समस्या’ म्हणून झोपेची गोळी दिली जाते आणि खरा त्रास आतच राहतो. जेवताना ठसका लागत असेल, वारंवार छातीत कफ भरत असेल तर गिळण्याची तपासणी करायला सांगा. घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया जिवावर बेततो. मुली आणि स्त्रियांची पाळी, स्तनांची तपासणी, रजोनिवृत्ती यांबद्दल डॉक्टर आपणहून क्वचितच विचारतात. तुम्ही विचारा.

आणि एक वाक्य पाठ करून ठेवा: ‘डॉक्टर, याच वयाच्या दुसऱ्या माणसाला हा त्रास असता तर तुम्ही कोणती तपासणी केली असती?’ आमच्या घरात त्या दीड वर्षात हे विचारायला कुणाला सुचलं नाही.

पैसे परत मिळवताना

निरामयमध्ये आधी खर्च तुम्ही करता, मग दावा करून पैसे मिळवता. त्यासाठी ठरावीक रुग्णालयांची यादी नाही, कोणत्याही रुग्णालयात उपचार घेता येतात. दाव्याचा फॉर्म, निरामय कार्डाची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ बिलं आणि पावत्या, तपासण्यांचे अहवाल, भरती झाली असेल तर डिस्चार्ज कार्ड, आणि रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाची प्रत. मूळ कागद पाठवण्याआधी प्रत्येकाची झेरॉक्स काढा. पाठवल्याची पोचपावती जपून ठेवा. दावा महिन्याच्या आत जाईल असं पाहा. सहा महिन्यांची बिलं साठवून एकदम देणाऱ्यांच्या पदरी निराशा येते.

औषधाच्या दुकानातून नुसती चिठ्ठी घेऊ नका. रुग्णाचं नाव आणि तारीख असलेलं पक्कं बिल घ्या. थेरपीच्या पावतीवर कोणत्या तारखांना सत्रं झाली, थेरपिस्टची सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक असू द्या. थेरपी डॉक्टरांनी सुचवली आहे अशी चिठ्ठीही जोडा.

मोठी शस्त्रक्रिया असेल तर निरामयच्या आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. तिथं कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात. ओपीडी, थेरपी, दात यांसाठी मग निरामयचे पैसे शिल्लक राहतात.

मूल 18 वर्षांचं झालं की

18 पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही कोणाची, बँक खातं कोण चालवणार, हे प्रश्न मग ऐन वेळी उभे राहतात. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. तिच्याकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. दिव्यांगत्व प्रमाणपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि ज्याला पालक नेमायचं त्याची लेखी संमती लागते. पालकत्वाची खरंच गरज आहे का आणि नेमकी कशासाठी, हे समिती पाहते. म्हणून ज्याच्याबद्दल अर्ज आहे त्यालाही बरोबर न्या, आणि कुठं चाललोय, कशाला चाललोय ते त्याला आधी घरी नीट समजावून सांगा.

आईवडील थकलेले असतील तर भावाबहिणींपैकी कोण पुढं होणार, हे त्यांच्या हयातीतच बोलून ठरवा. आम्ही तसं केलं. आईचं नाव राहिलं, वडिलांच्या जागी माझं आलं. पालक नेमल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत हिशेब सादर करावा लागतो. मालमत्ता म्हणजे पासबुकातले चार हजार रुपये असले तरी हिशेब द्यायचा. निरामयचं नूतनीकरण मार्चच्या आत आणि हा हिशेब जूनच्या आत, अशा दोन्ही तारखा मी दरवर्षी घरच्या दिनदर्शिकेवर लाल पेनानं लिहून ठेवते.