दिल्ली दरबाराचा रंगीत अनुबोधपट

‘विथ अवर किंग अँड क्वीन थ्रू इंडिया’ : ब्रिटिश मूक अनुबोधपट (१९१२). डिसेंबर १९११ मधील दिल्ली दरबार (राज्यारोहणानिमित्तचा शाही सोहळा) आणि राजा पंचम जॉर्ज व राणी मेरी यांचा भारतदौरा हा त्याचा विषय. निर्माता चार्ल्स अर्बन. पहिला खेळ २ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनच्या स्काला नाट्यगृहात झाला. लांबी सुमारे अडीच तास, साथीला वाद्यवृंद आणि रंगमंचावर ताजमहालाचा देखावा, असा थाट होता.

दरबारासाठी दिल्ली निवडली, कारण मोगल तख्ताचा दबदबा तिथे आयताच मिळत होता. १२ डिसेंबरच्या मुख्य सोहळ्यात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलवण्याची घोषणा राजाने केली. तोवर ती कटाक्षाने गुप्त राखलेली होती. दुसऱ्या दिवशी राजा-राणींनी लाल किल्ल्याच्या झरोक्यातून लोकांना दर्शन दिले. रीत बादशाही, बादशहा मात्र विलायतेचा!

पटासाठी जॉर्ज अल्बर्ट स्मिथची ‘किनेमाकलर’ पद्धत वापरली. फिल्म कृष्णधवलच असे. कॅमेऱ्यापुढे लाल आणि हिरवी काच आळीपाळीने फिरे, दर सेकंदाला सुमारे ३२ चौकटी टिपल्या जात आणि पडद्यावर दाखवतानाही तशाच काचा फिरवल्या जात. दोन्ही रंगांच्या चौकटी एकाच क्षणी टिपलेल्या नसल्यामुळे वेगाने हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना रंगीत झालर दिसे. दौडत्या घोडदळाच्या दृश्यांत हा दोष लपणे कठीण.

इतर कंपन्यांचे कृष्णधवल पट लंडनला आधी पोहोचले. त्यांतले एक दृश्य फार गाजले. दरबारात राजाला मुजरा करण्यासाठी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड निजामानंतर पुढे आले. संस्थानिकांनी तीनदा लवून, पाठ न दाखवता मागे सरावे असा शिरस्ता होता. सयाजीराव एकदाच लवले आणि पाठ फिरवून निघाले, असा आरोप झाला. लंडनच्या चित्रपटगृहांत लोक ते दृश्य पाहू लागले. महाराजांना व्हाइसरॉय हार्डिंग यांच्याकडे लेखी दिलगिरी द्यावी लागली. शिष्टाचाराची चूक की ठरवून केलेली अवज्ञा, यावर अजूनही वाद होतो. एरवी असा प्रसंग दरबारी कुजबुजीतच विरला असता. कॅमेऱ्याने तो चव्हाट्यावर आणला.

अर्बनच्या पटाचा बराचसा भाग नष्ट झाला आहे. २००० साली रशियातील क्रास्नोगोर्स्कच्या संग्रहात दिल्लीतील लष्करी संचलनाचा भाग सापडला. खुद्द दरबार आज पाहायचा तर कृष्णधवल पटांवरच भागवावे लागते.