दुर्मिळ रंगाच्या चिमुकल्या प्लॅस्टिक खेळण्यांचा संग्रह

एकाच साच्यातून निघालेल्या, पण रंगाने वेगळ्या असलेल्या छोट्या प्लॅस्टिक खेळण्यांपैकी क्वचित सापडणारे नग शोधून जमवण्याचा छंद. खेळणी साधारण दोन ते पाच सेंटिमीटरची असतात: प्राणी, पैलवान, सैनिक, राक्षस. या संग्राहकाकडे हत्ती आधीच असतो. त्याला हवा असतो तोच हत्ती, पण जांभळा.

जगात या छंदाचे सर्वांत परिचित उदाहरण जपानी आहे. ‘किन्निकुमान’ ही कुस्तीगीरांची चित्रमालिका १९७९ मध्ये सुरू झाली. तिच्यातील पात्रांच्या मऊ, खोडरबरासारख्या पुतळ्या बांदाई कंपनीने १९८३ पासून नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांतून विकल्या. त्यांना ‘किनकेशी’ म्हणतात. मूळ मालिकेत ४१८ नग धरले जातात. मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीने १९८५ मध्ये हेच पैलवान ‘मसल’ या नावाने अमेरिकेत आणले. आधी सगळे कातडीच्या रंगाचे होते, नंतर लाल, जांभळे, गडद निळे आले. प्रत्येक पैलवान प्रत्येक रंगात निघाला नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. किंमत नुसत्या पैलवानाची नसते की नुसत्या रंगाची नसते. दोन्हींची जोडी जुळावी लागते.

रंग दुर्मिळ होण्याचे दुसरे कारण कारखान्यात सापडते. प्लॅस्टिकचे दाणे तापलेल्या नळीत वितळवून, स्क्रूने दाब देऊन पोलादी साच्यात भरले जातात. रंग येतो तो मास्टरबॅच नावाच्या गडद रंगदाण्यांतून. शेकडा दोन-चार भाग पुरतात. एक रंग संपवून दुसरा लावला की नळीत उरलेला जुना रंग पुढच्या काही नगांत उतरतो आणि खेळणे दुरंगी, रेघाळ निघते. गडदावरून फिक्यावर येताना नळी साफ करण्यात माल फार वाया जातो, म्हणून कारागीर शक्यतो फिक्याकडून गडदाकडे जातात. रेघाळ नग एरवी दळून पुन्हा वापरात घेतात. हा दळलेला माल जास्त झाला की तपकिरी, खाकी, कुठलेच नाव देता येणार नाही असे रंग तयार होतात. स्वस्त मालाच्या कारखान्यात एवढी निवड कोण करणार? रेघाळ घोडाही पाकिटात जातो. छंदाला खरी चव आणतात ते हेच नग. ठरवून थोडे काढलेले ‘खास रंग’ त्यांच्यापुढे फिके वाटतात.

मराठवाड्यात, इतर महाराष्ट्राप्रमाणेच, अनेकांच्या डब्यातला सर्वांत जुना नग टूथपेस्टच्या खोक्यातला असतो. बिनाकाच्या खोक्यात प्लॅस्टिकचा छोटा प्राणी येई. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये सुरू झालेल्या गीतमालेचे नाव याच बिनाकाचे. पुढे बिनाकाचे सिबाका झाले आणि १९९४ मध्ये सिबाका कोलगेट-पामोलिव्हकडे गेले. डबल आलेला प्राणी देऊन दुसऱ्या रंगाचा घ्यायचा, हा लेकरांचा व्यवहार संग्राहकांत अजून तसाच चालतो.

दुसरा साठा जत्रांचा. माळेगावची खंडोबाची यात्रा, पैठणची नाथषष्ठी, औंढा नागनाथची महाशिवरात्र किंवा कुठलाही आठवडी बाजार असो, पालात आणि कटलरीच्या गाड्यावर सुटी खेळणी ढिगाने असत. त्यांच्यावर ना कारखान्याचे नाव, ना साल. जपानी पैलवानांची क्रमांकवार यादी मिळते. जत्रेतल्या वाघाची कोण करणार? म्हणून कोणत्या जत्रेत, कोणत्या साली घेतले याची चिठ्ठी नगासोबत ठेवणे महत्त्वाचे. चिठ्ठी हरवली की उरतो नुसता हिरवा वाघ. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाल्याने असा बिननावाचा माल कायद्याने विकता येत नाही. पालात जाऊन ते तपासते कोण, हा भाग वेगळा. तरी त्याआधीच्या सुट्या मालाचा भाव चढायला हे कारण पुरेसे आहे.

जपणुकीत इथला उन्हाळा आडवा येतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीतल्या कपाटापेक्षा जुन्या माळवदाच्या घरातली देवळी बरी. मऊ पीव्हीसी उष्णतेने चिकट होते, कारण त्याला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य बाहेर झिरपते. हे द्रव्य शेजारच्या पॉलिस्टायरीन या कडक प्लॅस्टिकला खाते. मऊ पैलवान आणि कडक प्राणी एका डब्यात ठेवले तर प्राण्याच्या पाठीवर खड्डे पडतात. वर्तमानपत्रात गुंडाळले तर शाई मऊ अंगात मुरते आणि मग निघत नाही.

फसवणुकीची जातकुळीही उन्हाचीच. लाल नग छपरावर ठेवून फिका गुलाबी करतात आणि ‘दुर्मिळ’ म्हणून विकतात. अशा वेळी तळपाय, काख, दोन पायांमधली फट पाहावी; ऊन पोचत नाही तिथे मूळ लाल शिल्लक असतो. वरून रंगवलेल्या नगाच्या तळाची कड नखाने किंचित खरवडली की आतला रंग वेगळा दिसतो. रेघाळ नगाची पारख जास्त नाजूक आहे. पोटाखाली किंवा तळाशी, जिथून प्लॅस्टिक साच्यात शिरले, तिथे बारीक गाठ असते. त्या गाठीपासून निघालेली रेघ मानेकडे, शेपटीकडे पसरत विरत गेली असेल तर ती साच्यातलीच. गाठीची पर्वा न करता अंगभर आडवी फिरली असेल तर ब्रशची.