‘गैरहजर’ शॉनी : एका नावाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात आज शॉनी या मूळ रहिवासी लोकांच्या तीन वेगवेगळ्या, तिथल्या केंद्र सरकारनं मान्य केलेल्या जमाती आहेत. त्यांतल्या एकीच्या अधिकृत नावातच ‘अ‍ॅब्सेंटी’ हा शब्द आहे. गैरहजर! हजेरीपटावरचा शेरा एका अख्ख्या समाजाला कायमचा चिकटला आहे.

शॉनी म्हणजे दक्षिणेकडचे लोक. त्यांचा मुलूख ओहायो नदीच्या खोऱ्यातला. सतराव्या शतकात इरोक्वाय या दुसऱ्या मूळ रहिवाशांच्या स्वाऱ्यांमुळे ते पांगले आणि पुढे परतलेही. अमेरिकी फौजेशी झालेली टिपेकनूची लढाई, १८१३ मध्ये पडलेला शॉनी सरदार टेकुम्सेह आणि त्याचा द्रष्टा भाऊ यांची कथा सर्वश्रुत आहे. तिच्या झगमगाटात एक गोष्ट झाकली जाते. त्याच्या कितीतरी आधी बरेच शॉनी मिसिसिपी नदी ओलांडून गेले होते आणि १७९३ मध्ये स्पॅनिश सत्तेनं त्यांना आजच्या मिसूरी राज्यातल्या केप जिरार्डोजवळ जमीनही दिली होती.

घोळ इथूनच सुरू झाला. १८२५ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तहात या मिसूरीकरांनी ती जमीन सोडली आणि बदल्यात कॅन्ससमध्ये पन्नास मैल लांब, पन्नास मैल रुंद भरेल एवढा मुलूख मिळवला. त्यांतले बरेचजण तिकडे गेलेच नाहीत. ते दक्षिणेला, टेक्सासपर्यंत उतरले. टेक्सासनं १८३९ मध्ये हाकलल्यावर त्यांनी ओक्लाहोमातून वाहणाऱ्या कॅनेडियन नदीचा काठ धरला. कॅन्ससमध्ये येऊन वसले ते मुख्यतः ओहायोतून उठवलेले शॉनी. १८५४ मध्ये पुन्हा तह झाला: सोळा लाख एकर सरकारला द्यायचे, त्यातले दोन लाख राखायचे, माणशी २०० एकर. दूर असलेल्यांनी पाच वर्षांत परत यावं, तरच त्यांना वाटा. ज्यांनी आपली जमीन देऊन हा मुलूख मिळवला, त्यांचेच भाऊबंद कागदावर गैरहजर ठरले. वाटप करायचं तर मोजणी हवी, हे मान्य. पण कोण कुठं हजर असायला हवं, हे ठरवलं कुणी?

दुसऱ्या जमातीला चिकटलेलं नाव ‘लॉयल’, म्हणजे निष्ठावान. अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं लढलेले हे कॅन्ससचे शॉनी. निष्ठेचं फळ असं की १८६९ च्या करारानं त्यांना चेरोकी या वेगळ्याच जमातीत सामावून टाकलं. स्वतंत्र मान्यता परत मिळायला २००० साल उजाडलं. तिसरी, ईस्टर्न शॉनी जमात, सेनेका या दुसऱ्या जमातीबरोबरच्या एका मिश्र गटातून १८६७ मध्ये वेगळी झाली.

२०२० मध्ये भाषा वाचवण्यासाठी आणीबाणी जाहीर झाली आणि २०२१ ते २०३० हे दशक शॉनी भाषेचं ठरलं. ओहायोतली सुमारे दोन हजार वर्षं जुनी मातीची वर्तुळं २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, तेव्हा शॉनी तिथं पूर्वजांच्या भूमीचे वारस म्हणून उभे होते. वसंतात आणि शरदात ‘ब्रेड डान्स’ होतो. वसंतातला पेरणीचा, बायकांच्या कामाचा, शरदातला शिकारीचा. हे नाच आणि उरलेसुरले भाषक आज ज्यांच्यात सर्वांत जास्त टिकून आहेत, ते मध्य ओक्लाहोमातले हेच ‘गैरहजर’.