दोन टेपरेकॉर्डरांमधली फीत

सप्टेंबर १९७२ मध्ये ब्रिटिश गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आपली गिटार घेऊन लंडनमध्ये संगीतकार ब्रायन ईनो यांच्या घरी गेले. तेथे रेव्हॉक्स कंपनीचे दोन स्पूल टेपरेकॉर्डर एकमेकांपासून थोड्या अंतरावर मांडून ठेवलेले होते. त्या बैठकीत झालेले सुमारे एकवीस मिनिटांचे सलग वादन पुढच्या वर्षी 'नो पुसीफुटिंग' या अल्बमची पहिली बाजू म्हणून प्रसिद्ध झाले. 'ॲम्बियंट', म्हणजे भोवतालचे, हे नाव ईनो यांनी अशा वातावरणासारख्या पसरत जाणाऱ्या संगीताला १९७८ मध्ये दिले, पण त्यामागचे विज्ञान मला या आधीच्या अल्बमातच सर्वांत उघडपणे ऐकू येते.

मांडणी अगदी साधी होती. पहिल्या यंत्रावरच्या भरलेल्या स्पूलमधून निघालेली फीत त्याच यंत्रावर गुंडाळली जाण्याऐवजी मधले अंतर ओलांडून दुसऱ्या यंत्रावर जात असे. पहिले यंत्र ध्वनी मुद्रित करी, दुसरे तोच ध्वनी काही सेकंदांनी वाजवी आणि हा वाजलेला ध्वनी गिटारच्या नव्या सुरांबरोबर पुन्हा पहिल्या यंत्राकडे पाठवला जाई. हा विलंब किती असेल, हे शाळेतल्या गणिताने काढता येते: अंतर भागिले वेग. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावत असेल आणि दोन यंत्रांच्या हेडमध्ये (फितीवर ध्वनी उमटवणाऱ्या किंवा तिच्यावरून तो वाचणाऱ्या भागांमध्ये) ९५ सेंटिमीटर फीत असेल, तर सूर पाच सेकंदांनी परत येईल. टेबल थोडे सरकवले की संगीताचा काळच बदलतो.

खरी गंमत मात्र परत येणाऱ्या ध्वनीच्या पातळीत आहे. पाच सेकंदांच्या प्रत्येक फेरीत सुराची पातळी मागच्या फेरीच्या ८० टक्के राहिली, तर तीन फेऱ्यांत ती जवळजवळ निम्मी होते आणि सुमारे ५० सेकंदांत एक दशांशावर येते. तेच प्रमाण ९५ टक्के केले, तर एक दशांशापर्यंत उतरायला पावणेचार मिनिटे लागतात. बटण जरासे फिरवले, एवढाच काय तो फरक. पण पहिल्या स्थितीत आपल्याला प्रतिध्वनी ऐकू येतो आणि दुसऱ्या स्थितीत थरांवर थर साचत जाऊन भोवती एक वातावरणच उभे राहते. प्रमाण १०० टक्क्यांच्या पुढे गेले, तर ध्वनी दर फेरीला वाढतच जातो आणि फितीवरील चुंबकीय कणांची क्षमता संपली की तो फाटू लागतो. त्यामुळे ही यंत्रे सांभाळणारे, पण एकही तार न छेडणारे ईनो हेही या रचनेचे पूर्ण अर्थाने वादक आहेत, असे मी मानतो.

प्रत्येक फेरीत सूर केवळ मंद होत नाही, तर त्याचा पोतही बदलतो. फितीवर ध्वनी चुंबकीय लहरींच्या रूपात साठतो आणि त्या लहरींची लांबी फितीच्या वेगावर अवलंबून असते. १९ सेंटिमीटर वेगाला १०० हर्ट्झच्या खर्जाची लहर जवळजवळ दोन मिलिमीटर लांब असते, तर १०,००० हर्ट्झच्या तीक्ष्ण घटकाची लहर एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीच. हेडवर धुळीचा कण बसला किंवा फीत हेडपासून किंचित उचलली गेली, तर आधी ही इवलीशी लहर पुसट होते. म्हणून जुने थर हळूहळू बोथट आणि धूसर होत जातात. एकामागे एक असलेल्या डोंगररांगांतील दूरच्या रांगा फिकट दिसाव्यात, तसे. खऱ्या अंतरातही हवा उच्च कंपनसंख्या अधिक शोषून घेते, त्यामुळे कानाला हे थर लांबून आल्यासारखे वाटतात.

कोणते वाद्य वाजते आहे, हे ओळखताना आपला कान सुराच्या आरंभीच्या आघाताचा फार मोठा आधार घेतो. फ्रिप यांच्या गिटारचा ध्वनी मुद्दाम विकृत करून लांबवलेला आहे. त्यात आघात दबतो आणि सूर टिकून राहतो. आघातच नसेल, तर एक थर कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे सांगता येत नाही. तानपुऱ्याची साथ करणारा एका तारेचा नाद विरण्याआधीच पुढची तार हळुवार छेडतो, तेव्हाही कानाला सांधा सापडत नाही, याचे कारण बरेचसे हेच आहे.

या दोघांच्या आधी अमेरिकी संगीतकार टेरी रायली यांनी १९६३ मध्ये पॅरिसमध्ये दोन टेपरेकॉर्डरांची अशीच जोडणी वापरली होती. हेच रायली १९७० मध्ये पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे. अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाल्यामुळे मराठी श्रोत्यांना आपलेच वाटते, ते हे घराणे. टेपचा प्रयोग या शिष्यत्वाच्या आधीचा असल्याने त्याचे श्रेय घराण्याला देता येणार नाही. परंतु एकच सूर दीर्घकाळ ऐकण्याची ओढ रायली यांना किराण्याच्या गायकीपर्यंत घेऊन आली असावी, असे मला वाटते.

हा अल्बम ऐकायचा असेल, तर हेडफोन लावून पहिल्या बाजूची सुरुवात ऐकावी. गिटारचा एक लांब सूर येतो, तो फितीवरून परत येतो, आणि फ्रिप काही सेकंदांपूर्वीच्या स्वतःशीच सूर जुळवू लागतात.