सीओसीची पाच वर्षं भरत आली? अर्जाआधी हा हिशेब मांडा

बोटीवरून सुट्टीवर आलेला माणूस पहिला महिना कागदांच्या फाइलला हात लावत नाही. मीही लावत नाही. मग एके दिवशी कंपनीचा फोन येतो, ‘पुढच्या आठवड्यात जॉइनिंग आहे, सर्टिफिकेटं पाठवा’, आणि कपाट उघडल्यावर काय काय संपलंय ते कळतं. घोळ होतो कारण प्रत्येक कागदाची मुदत निराळी. सीओसी (अधिकाऱ्याचा पात्रता दाखला) पाच वर्षांची, सीडीसी (बोटीवरच्या नोकरीची नोंदवही) दहा वर्षांची, मेडिकल जास्तीत जास्त दोन वर्षांचं (वय अठराच्या आत असेल तर एकच वर्ष).

आधी सीओसीचं बघू. नूतनीकरणाची मूळ अट एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारातली आहे: मागच्या ५ वर्षांत एकूण १२ महिने सी-टाइम, किंवा अर्जाच्या लगेच आधीच्या ६ महिन्यांत ३ महिने. सी-टाइम म्हणजे तुमच्या सर्टिफिकेटला साजेशा कामावर काढलेले दिवस. नुसतं बोटीवर असणं पुरत नाही. सहा महिन्यांचे दोन कॉन्ट्रॅक्ट पूर्ण केलेत तर १२ महिने झाले, प्रश्नच नाही. अडतात ते लग्न, आईवडिलांचं आजारपण किंवा किनाऱ्यावरची नोकरी यामुळे चार-चार वर्षं घरी राहिलेले. सर्टिफिकेट कपाटात असतं, पण त्यामागचा सी-टाइम रोज मागे सरकत जातो. अशांसाठी मान्यताप्राप्त संस्थेतला कोर्स किंवा परीक्षा असे मार्ग आहेत. खालच्या रँकवर किंवा जादा अधिकारी म्हणून ३ महिने जाऊनही भागतं. तेव्हा मुदत संपायच्या सहा महिने आधीच बोटांवर महिने मोजा.

टँकरवाल्यांनी आणखी एक मोजणी करावी. तेल, केमिकल किंवा गॅसच्या डेंजरस कार्गो एन्डॉर्समेंटला (असा धोकादायक माल नेणाऱ्या जहाजावर काम करायची जादा मान्यता) ५ वर्षांत किमान ३ महिने त्याच प्रकारच्या टँकरवर काम लागतं, नाहीतर पुन्हा कोर्स. मधली वर्षं बल्क कॅरियरवर (कोळसा, धान्य असा सुटा माल नेणारं जहाज) काढली असतील तर ती सीओसीला चालतात, इथे चालत नाहीत.

दुसरा भाग रिफ्रेशरचा. समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण (पीएसटी), आग प्रतिबंध व अग्निशमन (एफपीएफएफ), सर्व्हायवल क्राफ्ट म्हणजे जीवरक्षक बोटी हाताळणं (पीएससीआरबी) आणि प्रगत अग्निशमन यांची क्षमता दर ५ वर्षांनी दाखवावी लागते. शेवटचे दोन मुख्यतः अधिकाऱ्यांसाठी. पहिले दोन खलाशांपासून कॅप्टनपर्यंत सगळ्यांना. प्रथमोपचार आणि पीएसएसआरचा (वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदारी) मूळ दाखला मात्र जपून ठेवा, त्यांना हा पाच वर्षांचा फेरा नाही. ‘बारा वर्षं बोटीवर काढली, मला पोहायला काय शिकवणार?’ असं म्हणणारे दरवेळी भेटतात. इमर्शन सूटची (थंड पाण्यात तगवणारा अंगभर पोशाख) चेन हनुवटीपर्यंत ओढताना त्यांचीच धांदल उडते.

अर्ज नौवहन महानिदेशालयाच्या संकेतस्थळावर, तुमच्या इंडॉस क्रमांकाने (बोटीवर काम करणाऱ्यांच्या राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक) लॉगिन करून. सीओसीचं काम मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट बघतं, म्हणजे बोलीभाषेतलं एमएमडी. सीडीसी शिपिंग मास्टरकडे. मुंबईत त्यांचं कार्यालय बॅलार्ड इस्टेटच्या नौभवनात. जुनी सीओसी, सीडीसीची पानं, सी-टाइमचं कंपनीचं पत्र, रिफ्रेशरचे दाखले, महानिदेशालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरचं मेडिकल, पासपोर्ट आणि फोटो-सही एवढं स्कॅन करून तयार ठेवा. शुल्क आणि नमुने बदलत असतात, ते अर्जाच्या दिवशीच संकेतस्थळावर बघा. व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी कधीची आहे ते कोणालाच ठाऊक नसतं.

खरी गोची होते ती सीडीसीच्या नोंदींत. जहाजाचं नाव, आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), रँक, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, शिक्का, सही. माझ्या एका पानावर उतरल्याचा महिना ०९ ऐवजी ०६ पडला होता. घाईत, गँगवेवर बॅगा उतरवत असताना मारलेला शिक्का. सी-टाइम कागदावर तीन महिन्यांनी कमी झाला, त्यावर शंका निघाली, आणि दुरुस्तीचं पत्र मागायला गेलो तोवर ते जहाज विकलं गेलेलं. पत्र मिळालं, पण मधले काही आठवडे घरी बसण्यात गेले. तेव्हापासून साइन ऑफच्या, म्हणजे बोटीवरून उतरायच्या दिवशी कॅप्टनच्या केबिनमध्येच पान उलटून वाचतो. पासपोर्ट, सीडीसी आणि सीओसीवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हेही त्याच वेळी बघा. एका कागदावर वडिलांचं नाव मधे आणि दुसऱ्यावर नाही, हा तर आपल्याकडचा नेहमीचा घोटाळा.

आपली सेवा ऑनलाइन प्रोफाइलला दिसतेय का, हेही अर्जाआधी तपासा. आरपीएसएल (बोटीवर भरती करण्याचा सरकारी परवाना) नसलेल्या एजंटमार्फत गेलेल्यांचा सी-टाइम इथेच अडकतो. गावाकडे ‘पैसे द्या, बोटीवर चढवतो’ म्हणणारे खूप आहेत. परवानाधारक कंपन्यांची यादी संकेतस्थळावर आहे, दोन मिनिटं लागतात.

भारतीय सीओसी नवी झाली की काम संपलं, असं समजू नका. पनामा, लायबेरिया किंवा मार्शल आयलंड्सच्या झेंड्याखाली जात असाल तर तुमच्या सीओसीला त्या देशाने दिलेलं मान्यतेचं एन्डॉर्समेंट मूळ सीओसीबरोबरच संपतं. नवी सीओसी हातात पडली की त्याच दिवशी कंपनीला स्कॅन पाठवा.

आणि यलो फीव्हरच्या लशीचं पिवळं कार्ड मात्र निवांत राहू द्या. जुन्या कार्डावर दहा वर्षांची तारीख लिहिलेली असली, तरी ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.