तेरची बाहुली आणि व्हेसुव्हियसची राख

मराठवाड्यातल्या जुन्या गावाला दोन जमिनी असतात. पीक येतं ती काळी, वस्ती असते ती पांढर. शेकडो वर्षांची चुलीतली राख, शेण, हाडं आणि पडक्या भिंतींची माती मुरून पांढरीला तो रंग येतो. हाडांतलं फॉस्फेट आणि राखेतलं पोटॅश यांमुळे ती पिकाला मानवते, म्हणून शेतकरी पिढ्यानपिढ्या गाड्या भरून ती रानात टाकत आले. इतिहास असा खत म्हणून वाहून जात असताना धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मात्र एक माणूस तो वेचत होता.

तेर म्हणजे तेरणाकाठचं, गोरोबाकाकांचं गाव. इथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीतून वर आलेले मणी, नाणी, मूर्ती, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे असं जे मिळेल ते जपून ठेवलं. त्या हजारो वस्तूंवरच गावातलं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं आहे. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक वर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाची पेठ येते. तिथलं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जाई. हे तगर म्हणजेच तेर, असं इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं.

संग्रहालयात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या मूर्तींपाशी. पांढरट, हलक्या आणि आतून पोकळ. पुढच्या अंगाचा एक साचा, पाठीचा दुसरा. दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, अर्धी अंगं जोडायची, बाजूची शिवण तासून काढायची आणि मग भाजायचं. केशरचना, कानातली कुंडलं, गळ्यातल्या माळेचे मणी अजून वेगवेगळे दिसतात. दुहेरी साच्याची ही रीत रोमन व्यापाराबरोबर आली असं मानलं जातं.

तेरच्या काळ्या मातीत हे जमलं नसतं. तिच्यातल्या स्मेक्टाइट खनिजाच्या पापुद्र्यांत पाणी शिरतं, माती फुगते आणि वाळताना भेगाळते. उन्हाळ्यात रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे. अशा मातीला आवरायला कुंभार तिच्यात राख, लीद मिसळतो. केओलिनमधल्या केओलिनाइट या खनिजाचे पापुद्रे मात्र एकमेकांना घट्ट धरून असतात. पाणी आत घुसत नाही, आकार फारसा आटत नाही, आणि लोह कमी असल्याने भाजल्यावर लाली चढत नाही. साच्यातली बारीक रेघ टिकते ती त्यामुळे. काळ्या रानात अशी माती मिळत नाही. ती मुद्दाम बाहेरून आणावी लागली असणार, म्हणजे या मूर्तींना तेवढी किंमत देणारं गिऱ्हाईक होतं.

गोळा केलेल्या वस्तूंची एक उणीव कायमची असते. थर हरवलेला असतो. उत्खननात एखादा मणी कुठल्या थरात, कुठल्या खापराशेजारी सापडला यावरून त्याचा काळ ठरतो. पावसाने उघडा पाडलेला मणी त्याबद्दल काहीच सांगत नाही. कार्बन पद्धत लावायची तर वस्तूचा तुकडा जाळावा लागतो, आणि हस्तिदंताच्या बाबतीत कळणार काय, तर हत्ती जिवंत कधी होता ते. कोरीवकाम कधी झालं हे नाही.

म्हणूनच तेरच्या हस्तिदंती बाहुलीची गोष्ट विलक्षण आहे. दागिन्यांनी मढलेली ही स्त्रीमूर्ती वीतभरही नाही. इकडे १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेई शहरात एका घरात जवळपास पंचवीस सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. मोठे बाजूबंद, पायांत भरगच्च वाळे, दोन्ही अंगांना दासी. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडलं गेलं, तेव्हा ही मूर्ती त्याआधीच तिथे पोहोचली होती. दोन्ही मूर्तींची घडण इतकी जवळची आहे की तेरची बाहुलीही साधारण त्याच काळात बसते. तेरणाकाठच्या वस्तूला तारीख मिळाली ती इटलीतल्या ज्वालामुखीच्या राखेकडून!

पाँपेईची मूर्ती मराठवाड्यातूनच गेली का, यावर मात्र वाद आहे. तिच्यावर खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे आणि ही लिपी वायव्य भारतातली, म्हणून काही अभ्यासक तिकडे बोट दाखवतात. उलट जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७० च्या दशकातल्या उत्खननात अशाच हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग सापडला, आणि त्यातही दोन्ही बाजूंना दासी आहेत. मला भोकरदनची बाजू जड वाटते. अशी खूण मूर्ती घडवणाऱ्यानेच केली पाहिजे असं नाही. वाटेतल्या व्यापाऱ्यानेही मालावर आपलं अक्षर घातलं असेल. दागिन्यांची ठेवण आणि दासींची जागा मात्र कारागिराच्याच हातची असते, आणि ती इथल्या मातीत सापडलेल्या तुकड्याशी जुळते.