प्राध्यापक-वास्तुरचनाकारांची जतन केलेली कागदपत्रं पाहायची आहेत? पात्रता, अर्ज आणि लागणारे कागद

वास्तुकला किंवा डिझाइन शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकावर प्रबंध लिहायचा असो, लेख करायचा असो की त्यांच्या हातची मूळ रेखाटनं नुसती डोळे भरून पाहायची असोत, त्यांची कागदपत्रं जिथे जतन केली आहेत तिथे रीतसर अर्ज करावा लागतो. अर्ज अवघड नाही. वाचनकक्षात बसायला बहुधा पैसे पडत नाहीत आणि पदवीही सहसा कोणी विचारत नाही. तरीही कित्येक अर्ज नुसत्या पत्रव्यवहारात रेंगाळतात, कारण त्यात ‘अमुक यांच्या विचारविश्वावर संशोधन’ एवढंच लिहिलेलं असतं. अभिलेखागारात, म्हणजे जुने कागद जतन करणाऱ्या संस्थेत, विचारविश्व नावाचा बॉक्स नसतो. तिथे विषय सांगून भागत नाही, बॉक्स आणि फोल्डर मागावा लागतो. तो कसा शोधायचा हेच या प्रक्रियेतलं खरं काम, बाकी फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात.

अर्जाआधी: कारकिर्दीचा तक्ता

प्राध्यापक असलेल्या वास्तुरचनाकाराचे कागद एका जागी सापडतील असं धरून चालू नका. कार्यालयाचे आराखडे एकीकडे, पत्रं दुसरीकडे आणि शिकवण्याचे कागद विद्यापीठाच्या दप्तरात, अशी वाटणी नेहमीची. जर्मन वास्तुरचनाकार मीस व्हॅन डर रोह १९३८ साली शिकागोला आले आणि १९५८ पर्यंत तिथल्या वास्तुकला विभागाचे प्रमुख होते. (ते आले तेव्हा संस्थेचं नाव आर्मर इन्स्टिट्यूट होतं, १९४० मध्ये तिचं इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी झालं. जुन्या सूचीत शोधताना दोन्ही नावं टाकावीत.) त्यांचे आराखडे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, पत्रव्यवहार वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, आणि विभागप्रमुख म्हणून त्यांनी काय केलं हे शोधायचं तर शिकागोलाच जायला हवं. बाउहाउस या जर्मन कलाशाळेचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस १९३७ मध्ये हार्वर्डला शिकवायला गेले. त्यांचे कागद हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात आणि बर्लिनच्या बाउहाउस अर्काइव्हमध्ये विभागले गेले आहेत.

म्हणून आधी एका कागदावर सालवार लिहून काढा: कुठे शिकवलं, कुठे कार्यालय होतं, कोणाबरोबर भागीदारी होती, निवृत्ती किंवा मृत्यू कधी. प्रत्येक ओळीसमोर त्या ठिकाणचं अभिलेखागार लिहा. अर्ज किती ठिकाणी करायचा ते इथेच ठरतं.

फाइंडिंग एड वाचायची कशी

संग्रहाच्या सूचीला फाइंडिंग एड म्हणतात. मोठ्या संस्थांच्या सूची इंटरनेटवर खुल्या असतात. तिच्या सुरुवातीला त्या व्यक्तीचं छोटं चरित्र, कागद संस्थेकडे कसे आले त्याची नोंद आणि बंधनं दिलेली असतात. ही पानं ओलांडून थेट यादीकडे धावण्याचा मोह होतो, पण अर्जात विचारल्या जाणाऱ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच असतात.

यादीत कागद ‘मालिकां’मध्ये लावलेले दिसतील: पत्रव्यवहार, प्रकल्प, अध्यापन, लेखन, छायाचित्रं. कागद ज्याचे, त्याने लावलेला क्रम शक्यतो मोडायचा नाही, हा अभिलेखपालांचा जुना नियम आहे. त्यामुळे ‘अहमदाबाद’ असा शब्द शोधून काही मिळालं नाही म्हणजे कागद नाहीत असं नव्हे. ते अशिलाच्या नावाखाली असतील, सहकाऱ्याच्या पत्रांत असतील किंवा ‘किरकोळ’ लिहिलेल्या फोल्डरमध्येही असतील.

अध्यापनाची मालिका लोक सोडून देतात, आणि माझ्या मते तिथेच चूक होते. अमेरिकन वास्तुरचनाकार रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन यांचं लास व्हेगासवरचं १९७२ सालचं गाजलेलं पुस्तक १९६८ मध्ये येल विद्यापीठात घेतलेल्या स्टुडिओ वर्गातून निघालं. विद्यार्थ्यांना दिलेला स्टुडिओचा विषय, वाचनयाद्या, समीक्षेच्या वेळची टिपणं यांत विचार अजून कच्चा असतो. पुस्तकात येईपर्यंत त्याला इस्त्री झालेली असते.

संग्रहाचा आकार ‘लिनियर फूट’मध्ये देतात, म्हणजे बॉक्स फळीवर ओळीने लावले तर किती फूट जागा लागेल ते. नेहमीचा दस्तऐवज-बॉक्स पाच इंच जाडीचा असतो. दिवसभरात किती बॉक्स होतील याचा अंदाज त्यावरून बांधा. मोठे आराखडे बॉक्समध्ये नसतात. ते सपाट खणांत किंवा गुंडाळून नळ्यांत ठेवलेले असतात आणि त्यांची मागणी वेगळी नोंदवावी लागते.

पात्रता आणि कागद

लायब्ररी ऑफ काँग्रेसचं उदाहरण घेतलं तर चित्र स्पष्ट होतं. वय १६ पूर्ण आणि पासपोर्टसारखं सरकारी छायाचित्र ओळखपत्र, एवढ्यावर वाचक-ओळखपत्र विनामूल्य मिळतं. मीस यांच्या पत्रांसाठी हे पुरतं. अमेरिकन डिझायनर दांपत्य चार्ल्स आणि रे ईम्स यांची कागदपत्रंही याच ग्रंथालयात आहेत. भारतातल्या डिझाइन-शिक्षणावरच्या त्यांच्या १९५८ च्या अहवालातून, इंडिया रिपोर्टमधून, पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

विद्यापीठांच्या अभिलेखागारांत बहुधा आधी वेळ ठरवून जावं लागतं. नोंदणीच्या फॉर्ममध्ये नाव, संपर्क, संस्था असेल तर तिचं नाव, कामाचं दोन-तीन ओळींत वर्णन, तारखा आणि बॉक्स-फोल्डरचे क्रमांक मागतात. विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकांचं पत्र जवळ ठेवावं. सगळीकडे लागत नाही, पण नाजूक मूळ रेखाटनं पाहायची असतील तर उपयोगी पडतं. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट: तिथल्या कोणत्याही संस्थेकडून पैसे न घेता स्वतंत्र संशोधन करायचं असेल तर ते बी-१ व्हिसात, म्हणजे अल्प मुदतीच्या कामाच्या भेटीसाठीच्या व्हिसात, बसतं. अभिलेखागाराने भेटीची वेळ दिल्याची ईमेल छापून सोबत ठेवा. शिष्यवृत्ती मिळाली असेल तर व्हिसाचा प्रकार बदलू शकतो, ते त्या संस्थेलाच विचारा.

अर्ज काही आठवडे आधी पाठवावा. पुष्कळ बॉक्स मुख्य इमारतीत नसून दूरच्या गोदामात असतात आणि आणायला काही दिवस जातात.

काय दाखवलं जाणार नाही

मंजुरी मिळाली म्हणजे सगळं खुलं झालं असं नाही. प्राध्यापकांच्या कागदांत विद्यार्थ्यांचे गुण, शिफारसपत्रं आणि नेमणुकांवरचे शेरे असतात. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४ च्या कायद्याचं संरक्षण आहे. हार्वर्डमध्ये विद्यापीठाच्या प्रशासकीय नोंदी ५० वर्षं आणि व्यक्तींविषयीच्या नोंदी ८० वर्षं बंद असतात. शिवाय देणगी देताना कुटुंबाने घातलेल्या अटी वेगळ्या. अशा फोल्डरपुढे ‘प्रतिबंधित’ लिहिलेलं असतं. ते कोणत्या साली खुले होतील एवढं विचारायला मात्र हरकत नाही.

वाचनकक्षात

पेन्सिल चालते, पेन नाही. बॅग बाहेर. एका वेळी एकच फोल्डर, आणि आतला क्रम जसाच्या तसा. फ्लॅश न वापरता स्वतःच्या फोनने फोटो काढायला अनेक ठिकाणी परवानगी असते, पण आधी फॉर्मवर सही करावी लागते. जुना ट्रेसिंग पेपर ठिसूळ झालेला असतो, तो स्वतः उलगडू नका, कर्मचाऱ्यांना सांगा. मूळ कागद खराब असेल तर फक्त स्कॅन दाखवतात. त्यावर वाद घालून काही मिळत नाही.

छापण्याची परवानगी वेगळी

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कागद अभिलेखागाराच्या मालकीचा असला तरी त्यावरचा कॉपीराइट त्याच्याकडे असेलच असं नाही. प्राध्यापकांना आलेल्या पत्राचा हक्क पत्र लिहिणाऱ्याकडे, छायाचित्राचा बहुधा छायाचित्रकाराकडे. अमेरिकेत सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं आणि भारतात ६० वर्षं हा हक्क टिकतो. म्हणजे पाहण्याची, प्रत घेण्याची आणि छापण्याची अशा परवानग्या तीन, आणि प्रत्येकीचा फॉर्म निराळा. छापण्यासाठीच्या फॉर्ममध्ये प्रकाशनाचं नाव, भाषा, प्रतींची संख्या आणि चित्राचा आकार विचारतात.

अमेरिकन वास्तुरचनाकार लुई कान यांचं उदाहरण बोलकं आहे. १९४७ ते १९५७ येलमध्ये आणि पुढे अखेरपर्यंत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी शिकवलं. १७ मार्च १९७४ रोजी, त्यांनीच आराखडा केलेल्या अहमदाबादच्या आयआयएमचं काम पाहून परतताना, न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात त्यांचा मृत्यू झाला. कार्यालय कर्जात होतं आणि आराखडे विकले जाऊन विखुरण्याची भीती होती. ते पेनसिल्व्हेनिया राज्याने विकत घेतले. आज मालकी राज्याच्या ऐतिहासिक व संग्रहालय आयोगाची आणि सांभाळ फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आर्किटेक्चरल अर्काइव्ह्जचा आहे. आयआयएमचं एखादं रेखाटन छापायचं असेल तर श्रेयओळीत लुई आय. कान संग्रह, विद्यापीठ आणि आयोग अशी तिन्ही नावं येतात. ती ओळ, बॉक्स आणि फोल्डरच्या क्रमांकासह, कागद समोर असतानाच वहीत उतरवून घ्या. घरी आल्यावर नुसत्या फोटोवरून हे क्रमांक सापडत नाहीत. निदान फोल्डरवरच्या चिठ्ठीचा तरी फोटो दरवेळी पहिला काढा.